पाच दिवसांत उगवलेलं

९ डिसेंबर १९९८

आज उमरझरीच्या शाळेत कुटुंबनियोजनाचा कॅम्प झाला. मी लॅब टेक्निशियन. दवाखान्यात बसून थुंकीच्या काचा तपासणं हे माझं काम. पण थिएटरचा अटेंडंट तापानं पडला आणि सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. अटेंडंटचं काम मला करायला लावलं, हे लिहून ठेवतो.

यंदा प्रत्येक कर्मचाऱ्यानं ऑपरेशनसाठी तीन बायका आणायच्या, नाहीतर मेमो. माझ्या तीन झाल्या : माझी धाकटी बहीण मनकर्णा, तिच्या गावातली मालनबाई आणि माणिकराव माळ्याची बायको शकुबाई. मनकर्णा आधी तयार नव्हती. "दादा, मले भेव वाटते. अजून एक लेकरू होऊ दे, मंग पाहू." मी समजावलं. एकच टाका, बोटाच्या पेराएवढा, संध्याकाळी घरी. शिवाय भाऊ तिथं उभा. माझ्या मेमोसाठी तिला नेलं असं नाही, तिच्याच भल्याचं आहे.

तीन तासांत बेचाळीस बायका. वर्गातली बाकं जोडून टेबलं केली. पोटात घालायच्या दुर्बिणी दोनच. वापरलेली दुर्बीण पुसायची, औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायची, मग बादलीतल्या पाण्यात खळबळून सर्जन साहेबांच्या हातात द्यायची. औषध तसंच राहिलं तर आत आग होते म्हणतात. डब्यावर वीस मिनिटं लिहिलं आहे. मी दाखवलं तर सर्जन साहेब म्हणाले, "पाच मिनिट बहुत है, लाइन देखो." शाळेच्या टाकीवरून चार वेळा बादली भरून आणली. मनकर्णेचा नंबर सतरावा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी हात वर केला. कंबर मोडून आली आहे.

२२ जानेवारी १९९९

मनकर्णेला घेऊन तिचा नवरा चंपत आला होता. बेंबीखाली टाक्याच्या जागी सुपारीएवढी गाठ, तिच्यातून पिवळट पाणी. ताप नाही. सर्जन साहेबांनी दाबून पाहिलं, टाका पिकला म्हणाले. पट्टी आणि कॅप्सूल दिल्या. जाताना मनकर्णा म्हणाली, "दुखत नाही दादा. पण थांबतबी नाही."

६ फेब्रुवारी

कॅप्सूल संपल्या, गाठ तशीच. आज तिच्या जखमेचा पू मी स्वतः काचेवर घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. तांबडा रंग, वर ॲसिड, मग निळा. मायक्रोस्कोपखाली निळ्यावर लाल काड्या. टीबीच्या काड्या मी बारा वर्षं पाहतो आहे.

सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले, "बरं झालं पाहिलंस. कातडीचा टीबी." रजिस्टरला नाव चढलं, गोळ्या सुरू. माझ्या बहिणीचं नाव मीच माझ्या अक्षरात लिहिलं.

११ फेब्रुवारी

खात्री करावी म्हणून पू जंतू उगवायच्या माध्यमावरही लावला होता. अंड्याचं हिरवं माध्यम मी स्वतः बनवतो, हैदराबादच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो. या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला येत असेल असं वाटत नाही. टीबी उगवायला सहा आठवडे लागतात. आज पाचव्या दिवशीच बाटलीत मळकट पांढरे ठिपके. म्हणजे हवेतली घाण पडली. फेकून दिलं. उद्या परत लावतो.

१७ फेब्रुवारी

परत तेच, पाच दिवसांत. परत फेकलं. माझा हात इतका घाण कधी नव्हता.

१४ मार्च

आता अकरा बायका झाल्या. सगळ्यांची गाठ बेंबीपाशी, सगळ्यांच्या काचेवर लाल काड्या. शकुबाई आणि मालनबाईही त्यात आहेत. सगळ्या उमरझरी आणि भीमपूरच्या बाजूच्या. त्या भागात म्हशींना टीबी असावा, कच्चं दूध पितात. तसा एक कागद साहेबांना लिहून द्यावा म्हणतो.

मनकर्णेच्या घरी गेलो होतो. तिच्या सासूनं, राहीबाईनं, तिचा पेला आणि ताट वेगळं मांडलं आहे. मुलीला तिच्याजवळ झोपू देत नाहीत. मी म्हटलं, हा टीबी खोकल्यातून पसरणारा नाही. राहीबाई म्हणाली, "तुमी दवाखान्यातले लोक. तुमीच ऑपरेशन केलं, तुमीच टीबी म्हणून राह्यले. आमी कोणाचं आयकाव?" चंपत खाली मान घालून मुलांच्या वह्या तपासत होता. मास्तर माणूस, एक शब्द बोलला नाही.

८ एप्रिल

आज माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. हैदराबादच्या एका संस्थेतून अनसूया मॅडम आल्या आहेत. त्यांना इकडच्या जंगलातली पांढऱ्या कुड्याची साल पाहिजे. आपल्याकडे हगवणीला जी उगाळून देतात तीच. तिच्यात एक अल्कलॉइड असतं, म्हणजे झाडातलं कडू सत्त्व, त्यावर त्यांचं संशोधन आहे. साल वाळवायला खोली पाहिजे म्हणून साहेबांनी माझी लॅब दाखवली.

टेबलावर तिसऱ्यांदा लावलेल्या बाटल्या होत्या. त्यांनी उचलून उजेडात धरल्या.

"हे किती दिवसांचं?"

"पाच, मॅडम. खराब झालं आहे. फेकायचंच आहे."

"फेकू नका," त्या म्हणाल्या. "आधीचं कुठं आहे?"

आधीचं सगळं फेकलेलं, असं सांगावं लागलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समजावलं. काच रंगवली तर टीबीसारखीच दिसणारी, पण टीबी नसलेली ही जंतूंची जात आहे. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात, मातीत राहते. पाच दिवसांत उगवते. टीबीच्या गोळ्यांनी तिचं काही बिघडत नाही. दुसऱ्या औषधांनाही ती सहजी दाद देत नाही, कारण औषध आत आलं की बाहेर फेकून देते. त्यांचं कडू सत्त्व तिचं ते फेकायचं दार अडवतं असा त्यांचा अंदाज आहे. तसं झालं तर औषध आतच राहील आणि काम करेल.

मग म्हणाल्या, "मोतीराम, या जिल्ह्यात हे पाहणारे तुम्ही पहिले. पेपरमध्ये तुमचं नाव येईल."

घरी आशाला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग मनकर्णा बरी होईन ना?" मी म्हटलं, त्यासाठीच तर हे चाललं आहे.

१० एप्रिल

मॅडमनी साहेबांना बंद पाकिटात पत्र दिलं. मीच नेऊन हातात दिलं. तोंडानंही सांगितलं की टीबी नाही, गोळ्या बंद कराव्या लागतील.

साहेबांनी दार लावून घेतलं. "अकरा केस रजिस्टरला चढल्या, महिन्याचा रिपोर्ट हैदराबादला गेला. आता काढायच्या म्हटलं तर विचारतील, टीबी नाही तर मग काय आहे, आणि आलं कुठून? तू सांगणार?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

"चूद्दाम," साहेब म्हणाले. तेलुगूत 'बघू'. आमच्या दवाखान्यात चूद्दाम म्हटलेली फाइल परत उघडत नाही.

१४ एप्रिल

जयंती. उमरझरीच्या विहारात गेलो. मनकर्णा पांढरं लुगडं नेसून आली, पण मिरवणुकीत चालली नाही, पायरीवर बसून राहिली. गोळ्यांनी तिला मळमळतं, अन्न जात नाही. मी तिला विहाराच्या मागं नेलं आणि सांगितलं, "गोळ्या बंद कर. आणून दिल्या तं घेत जा, आन् विहिरीत टाक. कोणाले सांगू नको."

"काऊन?"

"त्या तुह्या कामाच्या नाहीत."

"मंग शकुबाईले, मालनलेबी सांगू का?"

मी नको म्हटलं. एकीचं खपेल. अकराही जणींनी बंद केलं तर रजिस्टरमध्ये दिसेल आणि माझ्यावर येईल. तसंही औषध लवकरच तयार होणार आहे.

२१ मे

महिनाभर वही उघडली नाही, इतकं काम. फकिराबाबाला घेऊन बेज्जूरच्या जंगलात तीन वेळा जाऊन आलो. म्हातारा जडीबुटीवाला, झाडाला हात लावून सांगतो कोणती साल कडू निघेल. झाड मरू नये म्हणून एका बाजूचीच साल काढतो. मॅडमनी अजून काढायला सांगितली तर म्हणाला, "सारं सोलसान तं पुढच्या वर्षी काय न्यासान?" साल वाळवली, कुटली, स्पिरिटमध्ये भिजवली. लॅबला तो उग्र वास बसला आहे, भाकरीलाही येतो.

आणि आज दिसलं! एका बशीत नुसतं सत्त्व : जंतू मजेत. दुसऱ्या बशीत औषधाची अर्धी मात्रा : तरीही मजेत. तिसरीत अर्धी मात्रा आणि सत्त्व दोन्ही : बशी कोरी, स्वच्छ. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, परत पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नऊ वर्षं याच्यामागं आहेत त्या. लग्नही केलं नाही म्हणतात.

तिन्ही बशांतला जंतू मनकर्णेच्या जखमेतला होता. बशांवर १७ लिहिलं आहे, तिचा कॅम्पातला नंबर.

६ जून

शकुबाई गेली. आठ दिवसांपूर्वी माणिकराव तिला बैलगाडीतून घेऊन आला तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, उलट्या चालू, माणूस ओळखत नव्हती. सर्टिफिकेटवर साहेबांनी 'टीबी' लिहिलं. ती काविळीनं गेली. उन्हाळ्यात इकडं कावीळ असतेच, पाणी खराब असतं.

मातीला गेलो होतो. मनकर्णा बायकांत उभी होती. परत येताना माझ्याजवळ आली. "दादा, माह्या गोळ्या तू बंद केल्या."

मी म्हटलं, "तिचं लिव्हर आधीपासूनच कमजोर असन."

ती परत बायकांत जाऊन चालू लागली.

१५ जून

मॅडम हैदराबादहून परत आल्या. मी हात जोडले. "मॅडम, सत्त्व तयार आहे, औषध तयार आहे. माझ्या बहिणीला द्या."

त्या म्हणाल्या, "मोतीराम, हे बशीतलं आहे. आधी उंदीर, मग ससे, मग माणूस. माझ्या हयातीत झालं तरी पुष्कळ. हे सत्त्व जास्त झालं तर डोकं फिरतं, हातपाय कापतात. बहिणीला विष देऊ?"

"मग बहिणीनं काय करायचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ज्या औषधाची अर्धी मात्रा आपण बशीत टाकतो, तेच पूर्ण मात्रेत द्यायचं. जोडीला एक इंजेक्शन. चार-सहा महिने. गाठ कापून काढायची. हैदराबादच्या दुकानात मिळतं ते. एप्रिलच्या पत्रात मी सगळं लिहून दिलं होतं. टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद करा, हेही. दिलं नाही का अजून?"

म्हणजे औषध होतं. मी फ्रिजमधून काढून रोज बशीत टाकत होतो, त्याच बाटलीत होतं. ते माणसाला देतात का, हे मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही. आणि त्यांनीही एकदा येऊन पाहिलं नाही की बायकांना काय चाललं आहे. वॉर्ड माझ्या लॅबपासून चाळीस पावलांवर आहे.

२९ जून

जंतू आला कुठून, हे पेपरमध्ये लिहावं लागतं. मॅडमनी उमरझरीचं पाणी तपासायला सांगितलं होतं. चार विहिरी, एक हातपंप, शाळेची टाकी. विहिरींत काही नाही. टाकीच्या पाण्यातून पाच दिवसांत मळकट पांढरे ठिपके.

फोनवर कळवलं. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशनं त्याच शाळेत झाली ना? दुर्बिणी कोणत्या पाण्यात धुतल्या?"

"टाकीच्या."

"औषधात किती वेळ होत्या?"

"पाच मिनिटं."

"कोण होतं धुवायला?"

मी म्हटलं, "एक अटेंडंट होता."

फोन ठेवल्यावर बाकावर बसून राहिलो. डिसेंबरचं पान काढून वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. कंबर दुखल्याचंसुद्धा.

८ जुलै

मॅडमचा अहवाल साहेबांकडे पोचला. मला बोलावलं. आधीच टाइप केलेला एक कागद पुढं केला. बायकांनी जखमेला राख, हळद, शेण लावलं, त्यातून संसर्ग झाला, असं त्यात होतं. खाली लॅब टेक्निशियनच्या दस्तखतासाठी जागा.

मी म्हटलं, "साहेब, टाकीच्या पाण्यात निघालं आहे."

"निघालं. पण ते पाणी कोणी वापरलं? सर्जन साहेबांच्या हातात दुर्बीण कोण देत होतं? मला नाव घ्यायला लावू नकोस." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझी बहीण आहे ना त्यात. तिचं औषध मी मागवतो. एकीचं मागवता येईल. सगळ्यांचं मागवलं तर कारण द्यावं लागेल."

मी सही केली. हे लिहिताना काही वाटत नाही, हेच वाईट आहे.

१२ ऑगस्ट

महिना झाला. औषध घेऊनही मनकर्णेची गाठ कमी नाही, उलट बाजूला दुसरी फुटली. इंजेक्शन मीच दर दिवसाआड जाऊन देतो. आज गोळ्यांचं पाकीट मागितलं तर ती चुलीपाशी गेली आणि बसूनच राहिली.

"किती घेतेस दिवसाले?"

"एक."

"दोन सांगतल्या व्हत्या."

"एक मालन घेते."

मी ओरडलो. राहीबाई बाहेरून आत आली. मी म्हटलं, अर्धी मात्रा म्हणजे काहीच न घेण्याहून वाईट. जंतू मरत नाही, फक्त औषधाला ओळखायला शिकतो. तुला अक्कल आहे का?

मनकर्णा उठली. "शकुबाईच्या वेळी मी गुपचूप बसली. तू सांगतलं म्हणून बसली. माह्या गोळ्या विहिरीत आन् तिच्या पोटात. आता मालन रोज येऊन इचारते, मनकर्णे, तुले येगळं औषध काऊन, आमाले काऊन नाही? मी एकटी खाऊ? दादा, तू दोघींचं आणलं असतं तं मी काऊन वाटलं असतं?"

मग हळूच म्हणाली, "तूच म्हणत व्हता ना, कुड्यासंग अर्धी मात्रा पुरते. आमी सालबी उकळून घेऊन राह्यलो."

घरी सगळ्यांपुढं फुशारकीनं मीच सांगितलं होतं ते, मे महिन्यात. चुलीवर पातेलं होतं. त्याच उग्र वासाचं.

४ सप्टेंबर

दोघींचा पू परत लावला. पूर्ण मात्रा टाकली, जंतू मेला नाही. दुप्पट टाकली, नाही. वर सत्त्व टाकलं, तरी नाही. तिन्ही बशा भरलेल्या.

मॅडमना कळवलं. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही नमुने बर्फात घालून आजच पाठवा. प्लीज. मूळ जंतू आणि बदललेला जंतू, एकाच रुग्णाचे, असं कोणाकडेच नसतं." आवाज थरथरत होता. आनंदानंच. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "तुमची बहीण कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. नमुने पाठवले.

१२ सप्टेंबर

मनकर्णेला सांगितलं. टाकीचं पाणी, बादली, पाच मिनिटं. दुर्बीण माझ्या हातातून गेली, हे. ती भाजी निवडत होती.

"तुले तवा माहीत व्हतं?"

"नाही. डब्यावर वीस मिनिटं लिहिलं व्हतं, येवढं माहीत व्हतं."

"आन् राख-शेणाचा कागद?"

तिला हेही माहीत होतं. चंपतनं शाळेत ऐकलं होतं.

"तो माह्या सहीचा हाय."

ती म्हणाली, "मी कवा लावलं रे शेण? तूच पट्टी बदलत व्हता." मग निवडलेली भाजी घेऊन आत गेली. चंपत मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा बोलला. "मोतीरामभाऊ, तुमी सांगा तं मी लिहितो. अर्ज लिहाले येते मले. सही तुमची लागन."

११ ऑक्टोबर

इलेक्शन संपेपर्यंत कलेक्टर साहेब कोणाला भेटत नव्हते. आज भेटले. चंपतनं लिहिलेला अर्ज, खाली माझी सही, तिच्याखाली दहा बायकांच्या सह्या-अंगठे. जुलैचा कागद खोटा आहे आणि दुर्बिणी मी धुतल्या, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्हाला कळतं आहे ना, पहिली कारवाई तुमच्यावर होईल?"

मी हो म्हटलं. मालनबाई मागून म्हणाली, "साहेब, आमचं पोट तेवढं पाहा आधी."

२० डिसेंबर

मी निलंबित. सुपरिंटेंडेंट साहेबांची बदली झाली, वरच्या पदावर. सर्जन साहेबांना ताकीद.

पण कलेक्टर साहेबांनी दहाही जणींना हैदराबादला पाठवलं. आठ जणींवर साधं औषध चाललं. मनकर्णा आणि मालनबाईचं पोट मोठं कापावं लागलं, आतपर्यंत पसरलं होतं, रोज दोन-दोन इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी मालनबाईला एका कानानं ऐकू येईनासं झालं आहे. मनकर्णा परवा परत आली. जखम भरली, पोटावर हातभर व्रण. डॉक्टरांनी सांगितलं, आता जड उचलायचं नाही, कधीच. राहीबाईनं तिचं ताट परत सगळ्यांच्यात मांडलं.

मॅडमचा पेपर छापून आला. पोस्टानं प्रत पाठवली. नावं चार, त्यात माझं नाही. शेवटी बारीक अक्षरात 'स्थानिक तंत्रज्ञाचे आभार'. निलंबित माणसाचं नाव संस्थेला चालत नाही, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. मनकर्णेचं नाव तर कुठंच नाही, फक्त १७ आणि १७-ब. चांगला पेपर आहे. तिसऱ्या बशीचा फोटो मी काढलेला आहे.

६ फेब्रुवारी २०००

कलेक्टरच्या अर्जात मी पाण्याचं लिहिलं, कागदाचं लिहिलं. गोळ्यांचं लिहिलं नव्हतं. एप्रिलपासून मला माहीत होतं, ते. मनकर्णा पंधरा दिवस झाले एकच बोलत होती, "माणिकरावले सांगाव लागते." काल म्हणाली, "तू नाही येत तं मी एकटी जातो. मलेबी माहीतच व्हतं."

आज दोघं गेलो. माणिकराव वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होता. आम्हाला पाहून बांधावर आला, मनकर्णेला बसायला पोतं टाकलं, "पोट कसं हाय बाई?" विचारलं.

मी उभ्यानंच सांगितलं. शकुबाईला टीबी नव्हता. गोळ्यांनी तिचं लिव्हर गेलं. त्या कामाच्या नाहीत हे मला ती जायच्या दोन महिने आधी कळलं होतं. बहिणीच्या बंद केल्या, तिच्या केल्या नाहीत.

मनकर्णा म्हणाली, "मीबी सांगतलं नाही, भाऊ."

त्यानं ऐकून घेतलं. पाणी एका वाफ्यातून भरून दुसऱ्यात सांडत होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"ते नको म्हणे," तो म्हणाला. "रोज सकाळी नको म्हणे. थुकून टाके. मी तिचं तोंड धरून घालत व्हतो. बरी व्हायचं नाही का तुले, म्हणून दटावत व्हतो. एक डाव तं हात उगारला मी तिच्यावर."

मनकर्णा पोत्यावरून उठून उभी राहिली.

"इतके दिवस मले वाटे, देवानं नेली. मी आपला करायचं ते सारं केलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "हे कायले सांगतलं रे मले?"

मग तो खाली वाकला आणि फुटलेला वाफा हातानं बांधू लागला. आम्ही बराच वेळ तिथं उभे होतो. त्यानं जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.